'गोचिडाला औषधाची सवय झाली' म्हणावं का? दुसरा शब्द कोणता?

उदगीरहून (प्रश्न)
आमच्या दूध संकलन केंद्रात लावायला गोचिडांवर पानभर माहिती लिहितोय, आणि एका शब्दापाशी अडलोय. गोठ्यात सगळे म्हणतात, "गोचिडाला औषधाची सवय झाली, आता मरंनात." पुस्तिकांमध्ये कुठं 'प्रतिकारशक्ती' आहे, कुठं 'प्रतिरोध', कुठं सरळ 'रेझिस्टन्स'. देवणी नाहीतर संकरित गाय पाळणाऱ्या माणसाला एका वाचनात कळेल असा शब्द कोणता? आणि गोचीड 'तो' की 'ती'? आमच्या घरात दोन्ही चालतं.

परभणीहून
लिंगाचं काही अडत नाही. बोलीत दोन्ही आहेत, पानात एकच धरा.

'प्रतिकारशक्ती' टाळा. तो शब्द आपण जनावराच्या अंगातल्या शक्तीसाठी वापरतो. देशी गुरं संकरित गायींपेक्षा गोचिडाला कमी बळी पडतात, हेही तुम्ही लिहालच. गाय आणि गोचीड दोघांनाही तोच शब्द लावला तर वाचणारा नक्की गोंधळेल.

माझं खरं भांडण 'सवय' या शब्दाशी आहे. सवय लागते ती एकाच जिवाला, हळूहळू. गोचिडाचं तसं नसतं. फवारा नीट बसला की बहुतेक मरतात, आणि वाचतात ते मोजके, ज्यांच्या जनुकात जन्मापासूनच फरक असतो. तो फरक औषधानं घडवलेला नसतो, आधीच थोड्यांत असतो. औषध बाकीच्यांना बाजूला काढतं एवढंच. वाचलेली मादी खाली पडून दोनएक हजार, कधी त्याहून जास्त अंडी घालते, आणि वर्षात कैक पिढ्या होतात. देवणीचा वळू आपण पारखून निवडतो, मग त्याचे गुण कळपात उतरतात. प्रत्येक फवाऱ्याला गोचिडांचीही अशीच निवड होत असते आणि ती करणारे आपणच असतो. 'सवय' म्हटलं की आपला हात त्यात दिसतच नाही.

कंधारहून
ताई, मुद्दा पटला, पण 'प्रतिरोध' लिहिलं तर आमचे वडील विचारतील, कशाचा? आमच्याकडं तयार शब्द आहे: 'दाद देत नाही'. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बीटीचा कापूस पोखरला तेव्हा गावोगाव हेच वाक्य होतं, अळी बीटीला दाद देईना. लाल कंधारीच्या गोठ्यातही तेच म्हणतात.

परभणीहून
हा फार चांगला शब्द दिलात, दादा. त्याच्या जोडीला आणखी दोन घ्या, 'लागत नाही' आणि 'पचवतो'. गोचिडाकडं मुख्यतः हे दोनच मार्ग आहेत.

पहिला असा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं गोचिडाच्या मज्जातंतूतल्या सोडियम चॅनलवर, म्हणजे संदेश पुढं नेण्यासाठी उघडझाप करणाऱ्या बारीक दारावर, बसतात. त्या चॅनलच्या जनुकात एका ठिकाणी सायटोसिन या अक्षराच्या जागी ॲडेनिन हे अक्षर आलं की प्रथिनात ल्यूसिन या घटकाऐवजी आयसोल्यूसिन येतं आणि औषधाची पकड सुटते. एवढा बारीक बदल पुरतो. हे झालं 'लागत नाही'. दुसऱ्या मार्गात औषध बसण्याची जागा जशीच्या तशी असते, पण एस्टरेज, सायटोक्रोम पी४५० यांसारखी विकरं वाढलेली असतात आणि ती औषध तिथं पोचायच्या आधीच मोडून टाकतात. हे 'पचवतो'. काही गोचिडांत दोन्ही एकदम असतं, ते सगळ्यांत चिवट. 'प्रतिरोध' हा छत्रीशब्द म्हणून शीर्षकात एकदा ठेवा, खाली मात्र हे बोलके शब्द वापरा.

छत्रपती संभाजीनगरहून
मी शाळेत विज्ञान शिकवतो. एक सावधगिरी सांगतो. शालेय पुस्तकात जनुकं 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' असतात. सोडियम चॅनलमधला हा बदल बहुतांशी अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पूर्ण जोर दाखवतो. पण 'अप्रभावी जनुक' छापलंत तर वाचणारा 'अप्रभावी औषध'सारखा अर्थ घेईल, की हे जनुक निरुपयोगी. त्यापेक्षा 'एका बाजूनं आलेला' आणि 'दोन्ही बाजूंनी आलेला' असं फोडून लिहा.

हा फरक फवारणीत थेट उतरतो. नेमून दिलेल्या मात्रेला एका बाजूनं बदल आलेले गोचीड बहुधा मरतात. औषध पुरवून पुरवून पातळ केलं की तेही वाचतात, आणि मग तो बदल कळपातल्या गोचिडांत झपाट्यानं पसरतो.

उदगीरहून
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय:
"गोचीड औषधाला दाद का देत नाहीत? त्यांना सवय लागत नाही. ज्यांना औषध लागत नाही किंवा जे ते पचवतात, तेच वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. औषध पातळ करू नका. बाटलीवर लिहिलेलीच मात्रा घ्या, सगळं अंग भिजवा, कानाच्या आतली बाजू, कास, शेपटीखालची जागा सोडू नका. गुण येत नसेल तर औषध बदला."

परभणीहून
शेवटचं वाक्य तेवढं बदला. दुकानात 'औषध बदला' म्हटलं की दुसऱ्या कंपनीची बाटली मिळते, आणि आत पुष्कळदा तोच गट असतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन एकाच घराण्यातली, तिघांचा मारा त्याच सोडियम चॅनलवर. जुनं डीडीटीही तिथंच बसायचं. अमिट्राझचं ठिकाण वेगळं आहे, ते ऑक्टोपामिन या मज्जातंतूंतल्या संदेशद्रव्याच्या ग्राहीवर, म्हणजे ते द्रव्य जिथं चिकटतं त्या जागेवर, काम करतं. आयव्हरमेक्टिनचं आणखी वेगळं. म्हणून 'गट बदला' लिहा, आणि 'कोणता गट, हे डॉक्टरांना विचारा' हेही जोडा, कारण दुधाच्या गायीला कोणतं औषध चालतं आणि नंतर किती दिवस दूध घालायचं नाही, हे प्रत्येक औषधाचं निराळं आहे.

कंधारहून
'गट'च्या जागी 'घराणं' लिहिलं तरी चालेल. गट म्हटलं की आमच्याकडं बचत गट समजतात.