प्रतिसाद: कोचने मुलांच्या मनात कशाला शिरायचं?

'कोचने खेळ शिकवावा, मनाचं डॉक्टर बघतील' हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. औषधपाणी डॉक्टरचंच. पण पोरगं गप्प झालंय हे आधी कुणाला कळतं? रोज संध्याकाळी हजेरी घेणाऱ्याला!

आमच्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. चांगला खेळणारा तेवढाच आत, असा हिशोब तिथे नव्हता.

कोलंबियातल्या मेडेयीनचं उदाहरण तर याहून भारी. १९९४ मध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा खून झाला, त्यानंतर तिथे गल्लीतल्या फुटबॉलचे नियमच बदलले. संघात मुली हव्यातच आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. मग काय, पोरं झक मारत पास द्यायला लागली. याच पद्धतीत रेफरी नसतो. सामन्याआधी नियम मुलंच ठरवतात, संपल्यावर रिंगण करून बसतात, कोण कसं वागलं ते बोलतात, त्याचेही गुण मिळतात. अबोल पोरगं तिथे पहिल्यांदा तोंड उघडतं.

याला खर्च शून्य. फक्त शेवटची पंधरा मिनिटं शिट्टी खिशात ठेवावी लागते, आणि आपल्याकडच्या कोचना तेच जड जातं (मीही त्यातलाच).