डिसॅबिलिटी सपोर्टचं काम, पण पगार 'होम केअर'चा?

यारा_काठ:
मेलबर्न. ऑफर लेटरमध्ये 'होम केअर लेव्हल २, कॅज्युअल' (म्हणजे तासांची हमी नसलेली नोकरी) असं लिहिलंय. काम मात्र एनडीआयएसवरच्या (अपंगांच्या सेवांचा खर्च देणारी सरकारी योजना) तरुणाला पोहायला नेणं, बसप्रवास शिकवणं, शिवाय ग्रुप होममध्ये आठवड्याला दोन स्लीपओव्हर (रात्री तिथंच झोपायची पाळी). सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास, पैसे तीनच तासांचे. मॅनेजर म्हणतात, स्कॅड्स अवॉर्ड (या क्षेत्रातल्या किमान पगाराचे आणि अटींचे कायदेशीर नियम) एकच, काय फरक पडतो?

जुना_गिरणगावकर:
चांगलाच पडतो. अवॉर्ड एक, पण आतली शेड्यूल्स (कामांच्या श्रेणींची परिशिष्टं) वेगळी. सामाजिक-सामुदायिक सेवा 'बी'त, होम केअर 'ई'त. एएसयू (सेवा क्षेत्रातली युनियन) आणि इतर युनियन्सनी २०१० मध्ये समान मोबदल्याची केस लावली. हे काम मुख्यतः बायका करतात म्हणून त्याचं मोल कमी धरलं जातं, हा मुद्दा १ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात मान्य झाला. वाढ २३ ते ४५ टक्के, डिसेंबर २०१२ ते डिसेंबर २०२० अशी हप्त्याहप्त्यानं. बी लेव्हल २ च्या वाट्याला २३ टक्के आले. 'ई'ला हा आदेश लागूच नाही. आणि २०२३ ची १५ टक्के वाढ? ती वृद्धांच्या सेवेतल्यांना, डिसॅबिलिटीवाल्या होम केअरला नाही.

कलम_वाचक:
व्याख्या बघा. होम केअर म्हणजे खासगी घरात वैयक्तिक काळजी, घरकाम, घराची देखभाल. पोहायला नेणं, बस शिकवणं, ग्रुप होम हे सरळ 'बी'. वाद होतो तो घरातल्याच कामावर, म्हणजे आंघोळ घालणं, जेवण करणं. तुमच्या कामात तो भाग थोडाच दिसतोय. गंमत म्हणजे एनडीआयएसचे दर ठरवताना पगार बी २.३ चा (शेड्यूल बी, लेव्हल २, तिसरी पायरी) धरतात. मॅनेजरांना हे नक्की विचारा.

तुटक पाळी: डिसॅबिलिटीच्या कामात प्रत्येक तुकड्याला किमान २ तासांचे पैसे. म्हणजे तुमचे ३ नव्हे, ४ तास. मध्ये एक बिनपगारी खंड असेल तर वर १.७ टक्के भत्ता (स्टँडर्ड रेटच्या, म्हणजे अवॉर्डमध्ये भत्त्यांसाठी ठरवलेल्या मूळ दराच्या), दोन खंड असतील तर २.२५.

यारा_काठ:
आणि स्लीपओव्हर? मध्यरात्री उठावं लागतं, त्याचं काही लावत नाहीत.

कलम_वाचक:
रात्रीचा भत्ता स्टँडर्ड रेटच्या ४.९ टक्के, सलग ८ तासांसाठी. उठून काम केलंत तर ओव्हरटाइम, दहा मिनिटं असली तरी किमान १ तासाचा. कधी उठलात, का उठलात हे त्याच रात्री लिहा. आठवड्यानं आठवून लिहिलेल्या वेळा लगेच खोडून काढतात.

जुना_गिरणगावकर:
रोस्टर, पेस्लिप (पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायलाच हवी) आणि स्वतःची वही. क्लायंटच्या नोट्सचे फोटो मात्र अजिबात काढू नका, गोपनीयतेचं कारण देऊन तुम्हालाच बाहेर काढतील. सहकाऱ्यांना त्यांची श्रेणी विचारा. डिसेंबर २०२२ पासून आपला पगार सांगायचा हक्क कायद्यानं आहे. पाच-सहा जणांचं एकच पत्र गेलं तर रोस्टरमधून एकट्याचे तास गुपचूप कापणं अवघड जातं. कॅज्युअलची खरी भीती तीच. त्याआधी युनियनचं सदस्यत्व घ्या, एएसयू किंवा हॅक्सू (आरोग्य आणि सामुदायिक सेवांमधली युनियन). भांडण पेटल्यावर आलात तर जुन्या प्रकरणात मदत मिळेलच असं नाही. थकबाकी ६ वर्षं मागची मागता येते.

श्रेणी तोंडी नको, ईमेलवर विचारा: 'माझं काम शेड्यूल ईमध्ये कोणत्या आधारावर धरलं आहे?' एवढं एकच वाक्य.