अल्ब्युमिन कमी म्हणजे कुपोषणच असं नाही

रक्तातलं अल्ब्युमिन (यकृतात बनणारं एक प्रथिन) 2.8 ग्रॅम/डेसिलिटर, म्हणजे कमी आलं, म्हणून रुग्ण कुपोषित, असं म्हटलं जातं. तिथे जरा थांबायला हवं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रथिन निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे 20 दिवस, त्यामुळे या आठवड्यात वाढवलेला आहार त्यात दिसणारच नाही. प्रीअल्ब्युमिन या यकृतातल्याच दुसऱ्या प्रथिनाचं 2-3 दिवस, म्हणून आठवड्याला एकदा केलं तर कल कळतो. पण सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) हवंच! जंतुसंसर्गात किंवा ऑपरेशननंतर यकृत अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन दोन्ही कमी बनवतं. नीट जेवणाऱ्याचाही आकडा घसरतो. सीआरपी उतरताना प्रीअल्ब्युमिन चढलं, तर त्याचं श्रेय लगेच आहाराला देऊ नका. मूत्रपिंड निकामी असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर प्रीअल्ब्युमिनचा आकडा उगाच चांगला दिसतो. निदान घटलेलं वजन, कमी झालेलं खाणं आणि झिजलेले दंड-मांड्या पाहूनच करा.