अनुभव धागा: चर्चचे समर वर्ककॅम्प, स्थलांतरित कुटुंबं आणि आपली मुलं

शाळा सुटायच्या आधीच इथल्या, अमेरिकेतल्या मुलांच्या उन्हाळ्याची वाटणी झालेली असते: पोहणं, रोबॉटिक्स, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), भारतवारी. त्यात कधीतरी वर्गातली मैत्रीण म्हणते, "आमच्या चर्चच्या वर्ककॅम्पला चल ना." आठवडाभर कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, सकाळी उठून कुणाच्या तरी घराला रंग द्यायचा, पायऱ्या ठोकायच्या, लहान मुलांना सांभाळायचं. बरेचदा ही घरं शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन किंवा ग्वाटेमालन कुटुंबांची असतात, कधी निर्वासितांची. फी आपणच भरायची. (माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे राबायचं, आणि वर पैसे पण द्यायचे?")

आमच्याकडे यंदा हा विषय निघालाय, म्हणून धागा काढतेय. ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी लिहा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान. 'आयुष्य बदलून गेलं' छापाचं नको. काय केलं, काय दिसलं, काय खटकलं ते सांगा. त्या कुटुंबांची नावं-पत्ते कृपया नकोत.

सॅमॅमिश, वॉशिंग्टन (आई)

आमचा मुलगा शेजाऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चबरोबर याकिमा व्हॅलीत गेला होता, तेव्हा पंधराचा होता. सिअॅटलकडच्या मराठी मंडळींना हा भाग माहीत असतो तो यू-पिकमुळे. स्नोक्वाल्मी पास ओलांडला की हिरवी झाडी संपते, उघडे तपकिरी डोंगर लागतात आणि मग सफरचंद, चेरी, हॉप्सचे मळे. आपण तिथे पैसे देऊन चेऱ्या तोडतो, फोटो काढतो आणि येतो. त्या मळ्यांच्या मागच्या ट्रेलर पार्कात (ओढून आणलेल्या तयार घरांच्या वस्तीत) आपण कधी वळत नाही. अशा पार्कांमध्ये ट्रेलर कुटुंबाच्या मालकीचा आणि खालची जागा भाड्याची, असा प्रकार सर्रास असतो.

लेकाच्या गटात वेगवेगळ्या चर्चची सहा मुलं आणि एक मोठा माणूस. काम होतं व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधायचं. घरातल्या आजोबांना पॅरालिसिस झालेला, दार जमिनीपासून दोन फूट वर, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी खुर्चीसकट उचलायचं. हिशोब सरळ आहे: एक इंच चढाला एक फूट लांबी. म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट रॅम्प. अंगण तेवढं नव्हतं, म्हणून मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा लागला. खांबांसाठी खड्डे खणायचे तर जमीन दगडासारखी. लेकाच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड आले.

त्या घरात त्याच्याच वयाचा एक नातू होता. चेरीचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं, म्हणून तो अंधारातच आईबरोबर जायचा आणि दुपारी परत यायचा. आला की तोंड धुऊन थोडं आडवं व्हायचं आणि मग ह्यांच्यात येऊन पहार हातात घ्यायची. एकदा त्याने लाकूड कापायला इलेक्ट्रिक करवत उचलली तर गटाचे काका धावले. अठराच्या आतल्यांनी करवत चालवायची नाही, छतावर चढायचं नाही, असा कॅम्पचा नियम. त्या पोराला ते आधी कळेचना, मग तो इतका हसला की काकाही हसायला लागले.

घरी आल्यावर आम्ही शोधलं. बालमजुरीवर मर्यादा घालणारा अमेरिकेचा कायदा १९३८ चा आहे, पण शेतीला त्यात वेगळी वागणूक आहे. बाराव्या वर्षापासून, पालकांच्या संमतीने, शाळेच्या वेळेबाहेर मूल शेतात कामाला जाऊ शकतं. काही राज्यांचे नियम ह्याहून कडक आहेत, आमच्या राज्याचेही आहेत. उन्हाबाबतही वॉशिंग्टनने २०२१ च्या उष्णतेच्या लाटेनंतर नियम आणले: पारा ९० फॅरनहाइटवर गेला की दर दोन तासांनी दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. तो नातू म्हणाला, किलोवर पैसे मिळतात तिथे विश्रांती कोण घेतो? (तो बादलीवर म्हणाला असेल, आमच्या चिरंजीवांनी भाषांतर केलंय.)

एक जेवणाचं सांगते. आम्ही शाकाहारी आणि तिकडच्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते. लेकाने आजींना कसंबसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यानंतर त्याच्यासाठी बीन्सचं वेगळं पातेलं चुलीवर दिसायला लागलं आणि त्यात चुकून दुसऱ्याचा डाव गेला तर आजी ओरडायच्या. सोवळं पाळावं तर असं.

कोलंबस, ओहायो (आई)

आमचा अनुभव घरं बांधायचा नाही. इथे भूतानमधून हाकललेल्या नेपाळीभाषकांची मोठी वस्ती आहे. १९९०च्या सुमारास त्यांना देश सोडावा लागला, पुढे पंधरा-वीस वर्षं पूर्व नेपाळच्या छावण्यांत काढली आणि २००८ पासून अमेरिकेने त्यांना घ्यायला सुरुवात केली. लेकीच्या मैत्रिणीचं लुथरन चर्च उन्हाळ्यात त्यांच्यासाठी डे कॅम्प चालवतं. सकाळी लहान मुलांचं वाचन-खेळ, दुपारी मोठ्यांसाठी जे लागेल ते.

लेक नाइलाजाने गेली होती. तिथे गेल्यावर कळलं की तिला अक्षरं येतात! बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) मराठी शाळेत रडतखडत शिकलेली देवनागरी. आज्यांकडे औषधांच्या वेळा नेपाळीत लिहिलेले कागद असायचे. इतर मुलांना ती नक्षी वाटायची, ही मात्र अक्षर लावून वाचायची. अर्थ निम्मा कळायचा, पण बिहान-बेलुका म्हणजे सकाळ-संध्याकाळ एवढं दोन दिवसांत जमलं. मग तिला 'नानी' (नेपाळीत छोटी मुलगी) म्हणून बोलावणं सुरू झालं.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारीही करून घेतली. तेव्हाची पद्धत: शंभर प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली एक बाई सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, हे घोकत होती. लेकीलाच ते माहीत नव्हतं. (नऊ.)

कॅम्पातल्या मोठ्या मुलांनी फळ्या ठोकून भाजीचे वाफे केले. त्यात काय लावायचं ह्यावर चर्चच्या काकूंचा टोमॅटोचा बेत होता, आज्यांनी तो हाणून पाडला आणि मोहरीचा पाला नि कारली लावली. आता ऑगस्टमध्ये आम्हाला कारली त्यांच्याकडून येतात.

ह्यूस्टन, टेक्सास (बाबा)

मी जरा विरजण घालतो, रागावू नका.

मुलगी रिओ ग्रांदे व्हॅलीतल्या एका कोलोनियात गेली होती. कोलोनिया म्हणजे मेक्सिकोच्या सीमेलगतच्या वस्त्या. १९५०च्या दशकापासून जमीन विकणाऱ्यांनी शेतीला कुचकामी, पाणी तुंबणारी जमीन तुकडे पाडून गरिबांना विकली. नळ नाही, गटार नाही, रस्ता नाही. व्यवहार असा की सगळे हप्ते फिटेपर्यंत जमीन नावावर होत नसे. एक हप्ता चुकला तर जमीनही गेली आणि भरलेले पैसेही. टेक्सासच्या विधिमंडळाने ह्याला १९९५ मध्ये चाप लावला, तोवर कित्येकांचे पैसे बुडाले होते. माणसं पैसे येतील तशी एकेक खोली वाढवत राहतात. त्यामुळे घर अर्धवट दिसलं की 'बिचारे' म्हणायची घाई करू नये. ते चालू असलेलं बांधकाम असतं.

तर ह्या मुलांना ड्रायवॉलचे (भिंतीला लावायच्या जिप्समच्या तक्त्यांचे) सांधे भरायचं काम दिलं. घरमालक स्वतः ड्रायवॉलचा कारागीर, दिवसभर जवळच्या मॅकॅलन शहरात लोकांची घरं करतो. संध्याकाळी आला, भिंत पाहिली, थँक यू म्हणाला. सकाळी मुलगी बघते तर सगळे सांधे घासून नव्याने भरलेले! रात्री जागून त्याने केलं होतं. मुलीने धीर करून त्याला सांगितलं की मला शिकवा. मग त्याने दाखवलं: पुट्टी एकदम थापायची नाही, पातळ तीन हात द्यायचे, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि मध्ये वाळू द्यायचं. ती आता आमच्या गॅरेजमध्ये उत्तम करते.

पण मला सांगा, सहा मुलांची फी, व्हॅनचं पेट्रोल, जेवण, हार्डवेअरचं बिल एवढे पैसे त्याच गल्लीतल्या कारागिराला दिले असते तर? त्याला आठवडाभराची मजुरी मिळाली असती आणि भिंत पहिल्या फटक्यात सरळ झाली असती. फायदा माझ्या मुलीचा झाला, हे मी मान्य करतो. मग त्याला सेवा म्हणू नका, शिकवणी म्हणा आणि फी कारागिराला द्या.

सॅमॅमिश, पुन्हा मी

ह्यूस्टनचे बाबा, भिंतीबद्दल पटलं. रॅम्पबद्दल नाही. ते पैसे कुणी आधी दिलेच नव्हते, आणि मुलं जाणार नसती तर लोकांनी वर्गणीही दिली नसती. पाकीट सैल व्हायला आपलं पोर दिसावं लागतं, हा माणसाचा दोष आहे, कॅम्पचा नाही.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना (कॉलेज विद्यार्थी)

मी दहा वर्षांचा असताना इकडे आलो, त्यामुळे मराठी लिहिता येतं. चुका सांभाळून घ्या.

हायस्कूलमध्ये मित्र उन्हाळ्यात लाइफगार्ड व्हायचे, आइस्क्रीमच्या दुकानात लागायचे. मी एच-४ वर (वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असणाऱ्या मुलांचा व्हिसा) होतो, पगार घेता येत नव्हता. घरी बसून काय करणार, म्हणून मित्राच्या चर्चच्या कॅम्पला गेलो. आमच्यापासून तासाभरावर रताळी आणि तंबाखूची शेतं आहेत. सकाळी शेतमजुरांच्या मुलांचा डे कॅम्प, संध्याकाळी लांब बाह्यांचे शर्ट आणि मोजे गोळा करून मजुरांच्या वस्तीवर पोचवायचे. भर जुलैत लांब बाह्या का, हे मला आधी कळलं नव्हतं. तंबाखूची पानं दवाने ओली असली की निकोटिन कातडीतून अंगात जातं. उलट्या, चक्कर, डोकं धरणं. रात्री झोप नाही आणि पहाटे परत शेतात.

मी ज्या मुलीला वाचायला शिकवायचो ती सात वर्षांची होती. तिच्या आईने मला विचारलं, तू इथलाच ना? मी सांगितलं की एकवीस पूर्ण झाली की वडिलांच्या व्हिसावरून माझं नाव निघणार, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर स्वतःची सोय बघायची. तिला खरंच वाटेना. तिला वाटायचं की इंग्रजी येतं, वडील ऑफिसात जातात, म्हणजे कागद पक्के. तिने डाकाबद्दल (DACA, लहानपणी इथे आलेल्या, कागद नसलेल्यांना हद्दपारीपासून वाचवणारी योजना) विचारलं. त्यासाठी १५ जून २०१२ ला कायदेशीर दर्जा नसावा लागतो. आमच्यासारख्यांना, कागद असतात म्हणूनच, ते लागू नाही. आम्ही दोघं बाकावर बसून ह्यावर चांगलंच हसलो. तिच्या मुलीकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता, माझ्याकडे नव्हता. आता मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे.

कॅम्पमधल्या बाकीच्या मुलांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मी मदत करणारा आणि ती मदत घेणारी.

मेरीलँड (मूळची वसईची)

धर्माबद्दल सगळ्यांच्या मनात आहे आणि कुणी विचारत नाहीये, म्हणून मीच लिहिते. मी कॅथलिक, आमच्या धर्मग्रामात मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत ऐकत मोठी झाले. 'चर्चवाले' हा एक गठ्ठा नाही. काही चर्च शांतपणे काम करतात, काहींचा भर प्रचारावर असतो. फॉर्म भरण्याआधी एकच विचारा: त्या कुटुंबाला मदत मिळण्यासाठी प्रार्थनेला यावं लागतं का? हो म्हणाले तर मी माझी मुलंही पाठवत नाही, आणि मी ख्रिस्ती आहे.

तुमच्या मुलाला जेवणाआधी प्रार्थना, संध्याकाळी गाणी, हे असणारच. त्याने शांत बसावं, पुरे. कॅथलिक कॅम्प असेल तर रोज मिस्सा असू शकते. कम्युनियनच्या वेळी (मिस्सेत पवित्र भाकर देतात तेव्हा) जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. आणि मुलगा गाणी गुणगुणत घरी आला तर लगेच घाबरू नका, गिटारवर वाजवलेलं काहीही ह्या वयात तोंडात बसतं.

बे एरिया (बाबा)

स्वयंसेवेचे तास मिळतात का? अध्यक्षांच्या स्वयंसेवा पुरस्काराच्या सुवर्णपदकाला सोळा ते पंचवीस वयात २५० तास लागायचे, त्या हिशोबाने विचारतोय.

कोलंबस

मिळतात, पण फक्त कामाचे. झोपेचे धरत नाहीत, एका पालकांनी विचारून झालंय.

न्यू जर्सी (बाबा, मोठ्यांपैकी एक म्हणून जातो)

आमचं काम दक्षिण जर्सीत, ब्लूबेरीच्या पट्ट्यात. जून-जुलैत तोडणी जोरात असते, त्यामुळे घरात भेटतात ती म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मोठ्यांची पोलीस पडताळणी होते आणि कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर थांबत नाही, हे दोन नियम ज्या कॅम्पला नाहीत तिथे पाठवू नका.

आताची परिस्थिती वेगळी आहे. चर्च, शाळा, दवाखान्यांत इमिग्रेशनवाल्यांनी धरपकड टाळायचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. तेव्हापासून चर्चच्या हॉलमध्ये लोक जमायला कचरतात. आम्ही हॉलचा कार्यक्रम कमी करून सामान घरोघर न्यायला लागलो. तिथेही अनोळखी व्हॅन थांबली की पडदे हलतात, दार उघडत नाही. आधी ओळखीची बाई फोन करते, मग आम्ही उतरतो. कुणाकडे कुठले कागद आहेत, हे आम्ही विचारत नाही आणि मुलांनाही विचारू देत नाही.

फोटोंबद्दल मी फार कडक आहे. घर, नंबर प्लेट, मुलांचे चेहरे, काही नाही. गेल्या वेळी एका आईने मला ग्रुपवर चार वेळा विचारलं की निदान एक तरी पाठवा, कॉलेजच्या अर्जाला लागेल. त्यांना रंगाच्या डब्यांचा फोटो पाठवला.

सामान विचारणाऱ्यांसाठी: घोटा झाकणारे जुने बूट, जाड हातमोजे, पाण्याची मोठी बाटली, कानात घालायचे बोळे (जिममध्ये पन्नास जण घोरतात), टिटॅनसचं इंजेक्शन झाल्याचा कागद. थेपले, चिवडा खुशाल द्या, पहिल्या रात्रीच संपतो. लोणचं देऊ नका. स्लीपिंग बॅगेत सांडलं होतं, वास अजून व्हॅनला आहे.