सिगारेटच्या पाकिटावरचा लोगो काढावा का?

पवनीकर: ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2012 पासून सिगारेटच्या पाकिटावरून लोगो अन् रंग उडवले. नाव तेवढं साध्या अक्षरांत. होंडुरास अन् डॉमिनिकन रिपब्लिक ट्रेडमार्कचा मुद्दा घेऊन जागतिक व्यापार संघटनेत गेले, 2020 मध्ये अपिलातही हरले. आपल्याकडे दर्शनी भागाच्या 85 टक्क्यांवर इशारा आहेच. उरलेले 15 तरी कंपनीला कशाला?

मिरचीवाला_भिवापूर: कंपनीचा कैवार घेत नाही भाऊ. पण ब्रँड उभा करायला वर्षं जातात. आज सिगारेट, उद्या आमच्या बचत गटाच्या तिखटाची पुडी. सगळी पाकिटं सारखीच दिसली तर नकली मालवाल्यांची चांदी.

वकिलीण_अमरावती: ट्रेडमार्क म्हणजे आपलं चिन्ह दुसऱ्याला वापरू न देण्याचा हक्क. ते हवं तिथं मिरवायचा हक्क त्यात येत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेचा करार म्हणजे ट्रिप्स, त्याचं कलम 20 सुद्धा चिन्हाच्या वापरावर असमर्थनीय अडथळे आणू नका, एवढंच म्हणतं. तंबाखूच्या बाबतीत समर्थन सिद्ध झालं. तिखटाला असं कारण कुठून आणणार? उरुग्वेनं पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्याला दिला, त्यावर फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी लवादात गेली अन् 2016 मध्ये हरली. नकली मालाचं म्हणाल तर करआकारणीची खूण पाकिटावर ठेवता येतेच.

ठेल्यावरचा: काय राजेहो! आमच्या गावात पाकीट घेतेच कोन? सुटी सिगारेट मागते. राज्यात 2020 पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी मिळते. फोटो पाहते तो फक्त ठेलेवाला. अन् खर्रा? सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकला, घोटला, रबर लावून हातात. त्याले ना लोगो, ना फोटो. तरी सकाळपासून गर्दी.

मिरचीवाला_भिवापूर: हेच म्हणतो! बिनलोगोचा खर्रा एवढा खपतो, तर लोगो काढून काय साधलं?

पवनीकर: खर्रा पोरगं घरातच पाहतं, त्याला जाहिरात लागत नाही. सिगारेटचं तसं नाही. नागपूरला कॉलेजात गेलेली पोरं सुट्टीत येतात तेव्हा पाकीट शर्टाच्या खिशातून अर्धं बाहेर दिसेल असं ठेवतात, नाव पुढं करून. त्यांच्यासाठी हा कायदा. खर्र्यानं तोंड उघडेनासं होतं, हे मी घरात पाहिलंय, त्याला धाड लागेल, पाकीट नाही.

ठेल्यावरचा: धाड आली की पन्नी ठेल्याखाली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोटणं चालू. ते पहिले सांगा, मंग लोगोचं बोलू.

वकिलीण_अमरावती: दोन्ही एकदम करायला कोणी अडवलंय? ठेल्यावर धाड पडत नाही म्हणून कंपनीला सूट, हा कुठला न्याय?