हिप म्हणजे कंबर, नितंब की तिसरंच काही? (ट्रान्स स्त्रियांच्या शस्त्रक्रियांच्या पत्रकातला अडसर)

ओळीमागून_ओळ:
ट्रान्स स्त्रियांसाठी ज्या शस्त्रक्रिया होतात त्यांवरचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. वाचणारीने ते वाचून स्वतः निर्णय घ्यायचा आहे, त्यामुळे मोघम लिहून भागणार नाही. अडलंय ते असं. एका परिच्छेदात वेस्ट, हिप आणि बटक असे तीन वेगळे शब्द आहेत. वेस्ट म्हणजे कंबर, बटक म्हणजे नितंब. मधल्या हिपचं काय? संपादकांनी तिथेही 'नितंब' घातलं. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यावर काट मारून समासात लिहिलं, "चरबी बाजूला भरायची की मागे, हाच इथला प्रश्न आहे आणि तुम्ही दोन्ही जागांना एकच नाव दिलंय." संपादक म्हणतात, कोश बघा, हिप म्हणजे नितंबच. कोणाचं ऐकू?

कोशकीटक:
दोघांचंही ऐकू नका. 'श्रोणी' हा शुद्ध, नेमका शब्द आहे. संस्कृत कवींची नायिका 'पृथुश्रोणी' असते ती उगीच नाही. आणि नितंबाचा मूळ अर्थ फक्त पार्श्वभाग नव्हे. डोंगराच्या उतारालाही नितंब म्हणत. म्हणजे उताराची कल्पना त्यात आहेच, बाजूचा उतार धरला तर संपादकांचंही फार बिघडत नाही.

चिमटा:
डोंगर जाऊ द्या. शरीरशास्त्राच्या पुस्तकात श्रोणी म्हणजे ओटीपोटामागचा हाडांचा कटोरा. पत्रकात "श्रोणीत चरबी भरतात" असं छापलं तर वाचणारी दवाखान्याची पायरी चढणार नाही.

कोशकीटक:
मग कटी घ्या.

चिमटा:
सिंहकटी कशाला म्हणतो आपण? बारीक कमरेला. म्हणजे कटी ही कंबरच झाली. आणि 'कंबर' स्वतः फारसीतून आलेली, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे, बराच काळ हाडांच्या वॉर्डात काढला. तिथे हिपला सगळे 'खुबा' म्हणतात. खुब्याचा सांधा, खुब्याचं हाड मोडलं. म्हाताऱ्या माणसांनाही लगेच कळतं. पण खुबा म्हणजे सांधा, त्याच्यावरचं मांस नव्हे. "खुब्यावर चरबी" एक वेळ चालेल, "खुबा भरला" म्हटलं की मला पू आठवतो.

मापटेप:
शिवणकामात हा प्रश्न कधीच सुटला आहे. छाती, कंबर, सीट. नितंब म्हणायची वेळ येत नाही, कोणाला लाजही वाटत नाही. सीट म्हणजे मागच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून घेतलेला पूर्ण घेर. बाजू आणि मागचं दोन्ही त्यात आलं.

पण डॉक्टरबाईंचं म्हणणंही बरोबर आहे. सीटचं माप सारखं असलेल्या दोन बायका समोर उभ्या करा. एक समोरून रुंद दिसते, दुसरी बाजूने. टेपला हा फरक कळत नाही, डोळ्याला कळतो. माझ्याकडे ट्रान्स मुली येतात. खांद्याचं माप धरून कुर्ता बेतला की कमरेखाली झोळ पडतो, सीट धरून बेतला की खांद्यात अडकतो. त्यांना घेर नको असतो, समोरून रुंदी हवी असते.

ओळीमागून_ओळ:
'घेर' आणि 'रुंदी' हा फरक उपयोगी आहे, पत्रकात घालते. पण 'सीट' छापील मजकुरात?

चिमटा:
का नाही? दवाखान्यात 'ऑपरेशन' चालतं, 'सीट' का चालत नाही?

कोशकीटक:
उद्या शरीराच्या सगळ्याच भागांना दुकानातली नावं द्या.

दुसरी_बाजू:
मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी हे पत्रक आहे त्यांच्यातली. हिपला माझ्याकडे शब्द नाही, पण त्याच्या आधीच्या शब्दाबद्दल बोलायचंय. तुमच्या पत्रकात 'बॉडी प्रपोर्शन' येणारच, त्याचं कृपा करून 'शारीरिक प्रमाणबद्धता' करू नका. स्पर्धेच्या फलकावरचा शब्द वाटतो. मराठीत दोन सरळ गोष्टी आहेत: अंगकाठी आणि अंग भरणं.

अंगकाठी म्हणजे हाडं. ती वयात येताना ठरते. हाडांची वाढती टोकं एकदा मिटली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कितीही घ्या, खांदे आखूड होत नाहीत आणि कटोरा रुंदावत नाही. अंग मात्र भरतं. पोटावर साठणारी चरबी मांड्यांकडे, बाजूला, मागे वळते, छाती वाढते, दंडांचा पीळ उतरतो. याला दोन-तीन वर्षं लागतात, काहींना जास्त. माझी आई या विषयावर माझ्याशी बोलत नसे. एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, "अंगाने भरलीस गं." वयात आलेल्या मुलीला म्हणतात तेच. त्या वाक्यात सगळं वैद्यकशास्त्र आहे. जे भरणार आहे त्याची वाट बघायची, आणि जे हलणारच नाही त्याच्यावर सुरी चालवायची का, ते नंतर बघायचं. अनेकजणी उलट करतात आणि मग एकाच जागेसाठी दोनदा टेबलावर जातात.

कोशकीटक:
अनुभवाबद्दल आदर आहे, पण अंगकाठीला हाडांपुरतं तुम्ही बांधलंत, भाषेने नव्हे. 'सडपातळ अंगकाठी' म्हणतो तेव्हा मांसही हिशेबात असतं. बांधा, अंगलट, ठेवण, देहयष्टी हे सगळे थोड्याफार फरकाने तेच आहेत.

दुसरी_बाजू:
काठी कशी भरणार, काका?

कोशकीटक:
यष्टी म्हणजेही काठीच. तरी 'भरदार देहयष्टी' छापून येतंच ना?

मापटेप:
हाडांबद्दलच बोलायचं असेल तर आम्ही 'हाडापेराने मोठी' म्हणतो. जाड नव्हे, हाडापेराने मोठी. तिला कपडा वेगळा बेततात.

दुसरी_बाजू:
हाडापेराने! हा घ्या. "हाडापेरात हार्मोनने बदल होत नाही." कोणालाही कळेल.

चिमटा:
कळेल, पण झोंबेल. "हाडापेराने दांडगी आहे हो मुलगी" हे कोण कोणाला, कुठल्या वेळी म्हणतं ते आठवा.

दुसरी_बाजू:
आम्हाला झोंबायचं ते आधीच झोंबलेलं असतं. पत्रकात खरं लिहा म्हणजे झालं. खांदे कमी करण्याचीही शस्त्रक्रिया आहे, गळ्याखालचं आडवं हाड दोन्ही बाजूंना कापून आखूड करतात. मिळतात थोडे सेंटिमीटर, आणि हाड जुळेपर्यंत हात जपायचे. म्हणून बऱ्याचजणी खांद्यांना हात न लावता खाली रुंदी घालतात. खांदे रुंद दिसतात ते खालच्याच्या मानाने. 'मानाने' हा शब्द बघा, प्रपोर्शनला इतका चांगला शब्द असताना 'गुणोत्तर' कशाला?

रात्रपाळी:
आता मला बोललंच पाहिजे, कारण डॉक्टरबाईंनी काट का मारली ते अजून कोणी लिहिलं नाही. बाजूला चरबी घालणं आणि मागे घालणं यांची जोखीम सारखी नाही. मागच्या मोठ्या स्नायूच्या आत जाड शिरा आहेत. चरबी खोल गेली आणि शीर फाटली तर ती चरबी हृदयातून फुप्फुसात जाते आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. २०१८ साली प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी एकत्र इशारा दिला, त्यात या शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचं प्रमाण ३००० मध्ये १ इतकं असू शकतं असं म्हटलं होतं. तेव्हापासून नियम एकच, चरबी कातडीखाली, स्नायूच्या वर. त्यामुळे तिथे 'नितंब' लिहिणं म्हणजे वेगळ्या शस्त्रक्रियेला संमती घेण्यासारखं आहे.

आणखी दोन गोष्टी पत्रकात ठळक घाला. भरलेली सगळी चरबी टिकत नाही, काही अंगात जिरते आणि उरलेली किती ते काही महिन्यांनी कळतं. वजन उतरलं तर तीही उतरते. दुसरं, सुईने सुटं सिलिकॉन टोचून रुंदी देणारे लोक असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही. ते सरकतं, गाठी धरतं, वर्षांनंतरही तिथे सूज किंवा संसर्ग होतो आणि पुरतं काढता येत नाही.

ओळीमागून_ओळ:
हे फार मोलाचं आहे. म्हणजे शब्द दोन हवेतच. 'कमरेखालच्या बाजू' असं फोडून लिहिलं तर?

रात्रपाळी:
मला चालेल. फक्त छातीचा परिच्छेद कोणी तपासला आहे का? मूळ लेखात "मापाऐवजी तळाची रुंदी बघा" असं काही रोपणाबद्दल, म्हणजे छातीत बसवायच्या पिशवीबद्दल, असेल तर ते नीट उतरवा. बरगड्यांचा पिंजरा रुंद असतो, स्तनाग्रं बाहेरच्या अंगाला असतात. अरुंद तळाचं रोपण घेतलं की मधे मोकळी पट्टी राहते. दोन्ही जवळ ओढता येत नाहीत, कारण स्तनाग्र रोपणाच्या साधारण मध्यावर यायला हवं. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्याच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या सातव्या आवृत्तीत आधी किमान १२ महिने हार्मोन घ्या असं सुचवलं होतं. सक्ती नव्हती. स्वतःची छाती जितकी भरेल तितकं रोपण कमी उठून दिसतं.

चिमटा:
'रोपण' झाडांचं. इम्प्लांट म्हणा, दातांच्या डॉक्टरांनी तो शब्द घरोघरी पोचवलाय.

कोशकीटक:
तुम्हाला मराठीची ॲलर्जी आहे.

चिमटा:
'ॲलर्जी' हा तुमचा शब्द आहे, माझा नव्हे.

कोशकीटक:
विषय निघालाच आहे तर पत्रकाच्या शीर्षकाकडे बघू. काय आहे? 'स्त्रीकरण शस्त्रक्रिया' असेल तर हरकत आहे. संस्कृतात जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं, हे दाखवायला च्वि प्रत्यय लागतो. व्याकरणात त्याला अभूततद्भाव म्हणतात. शुद्ध नव्हतं, त्याचं शुद्धीकरण. सपाट नव्हतं, त्याचं सपाटीकरण. 'स्त्रीकरण' म्हटलं की व्याकरण स्वतःच सांगतं, ही आधी स्त्री नव्हती. ट्रान्स स्त्रियांना तेच मान्य नसतं ना?

दुसरी_बाजू:
पहिल्यांदाच आपलं जमलं, काका. माझं करण काही करू नका. खांद्यांचं करा, कपाळाचं करा.

चिमटा:
मराठीत 'करण' केव्हाच मोकळं सुटलंय. 'संगणकीकरण' म्हणतो तेव्हा कोणाला संगणक बनवत नाही. व्याकरण सोडा, लोक काय समजतात ते बघा.

कोशकीटक:
मग पर्याय सांगा. 'लिंगबदल' जुना झाला. 'लिंगनिश्चिती' काहीजण लिहितात, पण तो शब्द गर्भाच्या तपासणीला बसलेला आहे. उरतं 'लिंगपुष्टी'.

मापटेप:
पुष्टी म्हणजे अंगावर मांस चढणं. पुष्ट जनावर म्हणतात.

रात्रपाळी:
वर जे चरबी भरणं चाललंय त्याला तर अगदी चपखल.

दुसरी_बाजू:
हसले. पण 'विधानाला पुष्टी' यातली पुष्टीही सगळ्यांना माहीत आहे. 'लिंगपुष्टी' राहू द्या. त्यापेक्षा आतल्या मजकुरात 'स्त्रैण चेहरा' असं काही असेल तर आधी ते काढा.

कोशकीटक:
स्त्रैण म्हणजे स्त्रीसंबंधी. निर्दोष शब्द आहे.

दुसरी_बाजू:
संस्कृतात निर्दोष. मराठीत तो पुरुषाला हिणवायला वापरतात, 'बायकी'चा सुशिक्षित भाऊ. शाळेत मला कोणी बायकी म्हणायचं, कोणी स्त्रैण. दुसरा प्रकार शिक्षकांचा होता.

ओळीमागून_ओळ:
मजकुरात 'स्त्रैण' आहे, चेहऱ्याच्या भागात. डग्लस ऑस्टरहाउट या सर्जननी सॅन फ्रान्सिस्कोत १९८०च्या दशकात कवट्यांची मापं अभ्यासून ही शस्त्रक्रिया बसवली, तिथे. 'बाईच्या चेहऱ्याची ठेवण' करते. आणि भुवयांवरच्या उंचवट्याबद्दल "घासून कमी करतात" असं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

रात्रपाळी:
अर्धवट आहे. त्या हाडामागे हवेची पोकळी असते. हाड जाड असेल तर घासून भागतं. पातळ असेल तर घासता घासता भोक पडेल, मग पुढची चकती कापून काढतात, आकार देतात आणि आत सरकवून बसवतात. "घासतात किंवा कापून मागे बसवतात" असं लिहा. कुठलं ते स्कॅनवर ठरतं.

दुसरी_बाजू:
बऱ्याचजणी आधी चेहरा करतात हेही लिहा. अनोळखी माणूस आधी चेहरा बघतो, कंबर मागाहून. मी स्वतः फक्त कंठमणी तासून घेतला आणि थांबले. खांदे आहेत तसे आहेत.

चिमटा:
कंठमणी तासल्यावर आवाज बदलतो का? प्रामाणिक प्रश्न.

दुसरी_बाजू:
नाही, आणि हा गोंधळ मराठीनेच घातलाय. कंठ म्हणजे गळाही आणि आवाजही. मुलाला 'कंठ फुटला' म्हणतो तेव्हा आवाज फुटलेला असतो आणि त्याच सुमाराला गळ्यावर मणीही येतो. मणी हे बाहेरचं कूर्चेचं टोक आहे, ते तासतात. स्वरतंतू आत असतात, ते एकदा जाडावले की इस्ट्रोजेनने पातळ होत नाहीत. उलट तासताना हात खोल गेला तर आवाज बिघडतो, घोगरा होतो. आवाजासाठी मी वाचोपचार घेतले, म्हणजे रोज तोंडाने मेहनत. स्वरतंतूंची शस्त्रक्रिया वेगळी आहे.

मापटेप:
आमच्याकडे कंठमणी नव्हे, घाटी म्हणतात. घाटी फुटली.

कोशकीटक:
घाटी म्हणजे गळ्याचा आतला भाग. पडजीभ असते तिथला. बाहेरच्या उंचवट्याला घाटी म्हणणं सैल आहे.

मापटेप:
मग 'घाटी वर आली' म्हणतात ती कुठे येते?

चिमटा:
यावर वेगळा धागा काढा. माझ्या आजोळी घाटी म्हणजे सरळ सरळ हनुवटीखालची लोंबती कातडी.

कोशकीटक:
ती पोळी. बैलाच्या गळ्याला असते ती.

मापटेप:
बैलाची पोळी, माणसाची नव्हे. माणसाला पोळी म्हणताना कोणी ऐकलंय का इथे?