रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या गाण्यांची मूळ, गाजलेली ध्वनिमुद्रणे कशी ओळखावीत?

तबकडीप्रेमी (प्रश्न)

गेले काही महिने मी १९५५ ते १९६० या काळातील रॉक अँड रोल गाण्यांचा संग्रह करीत आहे. गाणे ज्या ध्वनिमुद्रणामुळे गाजले, त्या वेळी रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर लोकांनी जे प्रत्यक्ष ऐकले, तेच आपल्याकडे असावे एवढीच माझी इच्छा आहे. पण ती पुरी करणे वाटले होते त्यापेक्षा बरेच अवघड निघाले. लिटल रिचर्डचे ‘टूटी फ्रूटी’ पाहा. तीन निरनिराळ्या संकलनांतून मला या गाण्याच्या तीन फायली मिळाल्या. तिन्हींवर नाव त्याचे, आवाजही निःसंशय त्याचाच, आणि तरी त्या एकमेकींशी जुळत नाहीत: एकीत सगळा आवाज मधोमध एकवटलेला आहे, दुसरीत वाद्ये डावी-उजवीकडे पसरलेली आहेत, तर तिसरीत मागे श्रोत्यांचा गलका ऐकू येतो. तिन्ही संकलनांवर ‘मूळ गायकांच्या आवाजात’ असे छापलेले आहे आणि फायलींसोबतची साले मात्र २००० नंतरची आहेत. यांतले खरे कोणते, आणि ते ठरवण्याची काही खात्रीची पद्धत आहे का?

जुनेसूर

‘मूळ गायकांच्या आवाजात’ हे शब्द खोटे नाहीत, पण ते गायकाबद्दल सांगतात, ध्वनिमुद्रणाबद्दल नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. त्या काळी गायक एक कंपनी सोडून दुसरीकडे गेला, की जुनी गाणी नव्या कंपनीसाठी पुन्हा गात असे. करारात सहसा अट असे, की ठरावीक वर्षे, बहुधा पाच, तेच गाणे इतरांसाठी ध्वनिमुद्रित करायचे नाही; ती मुदत संपली की वाट मोकळी. मूळ मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून तबकड्या काढतात ती फीत, पहिल्या कंपनीकडेच राहत असल्याने स्वस्त संकलने काढणाऱ्यांना ही नंतरची ध्वनिमुद्रणे मिळवणे सोपे जाते, आणि म्हणून बाजारात तीच अधिक दिसतात.

तेव्हा प्रत्येक गायकाचा कंपन्यांमधला प्रवास आधी पाठ करावा. लिटल रिचर्डची गाजलेली गाणी स्पेशॅल्टी या कंपनीची आहेत. ‘टूटी फ्रूटी’ सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कोझिमो मटासा यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले आणि स्पेशॅल्टी ५६१ या क्रमांकाने निघाले. १९६४ च्या सुमारास त्याने हीच गाणी व्ही-जे कंपनीसाठी पुन्हा गायली आणि १९६७ मध्ये ओकेसाठी श्रोत्यांसमोर. आपली गलक्याची फाईल बहुधा ओकेची आणि पसरलेल्या वाद्यांची व्ही-जेची असावी. चक बेरीचे मूळ काम चेसवर आहे, पण १९६६ मध्ये तो मर्क्युरीकडे गेला आणि तिथे त्याने आपली जुनी गाणी नव्याने केली. जेरी ली लुइसने १९६३ मध्ये ‘सन’ कंपनी सोडून ‘स्मॅश’ धरल्यावर तेच केले. फायलीवरच्या सालावर विसंबू नका. ते बहुतेक वेळा संकलनाचे असते.

श्रवणरत

कागदपत्रांच्या जोडीला कानांचीही साक्ष काढावी. मी वापरतो ती रीत अशी: ज्याविषयी खात्री आहे असे ध्वनिमुद्रण डाव्या कानात आणि शंकेचे उजव्या कानात, दोन्ही मोनो (म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारे) करून, एकाच क्षणी सुरू करायचे. ध्वनिमुद्रण एकच असेल तर गाणे डोक्याच्या मधोमध एकजीव होऊन ऐकू येते. वेगळे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत ड्रम्सचे ठोके फाटू लागतात, कारण कोणताही माणूस एकच गाणे दोनदा तंतोतंत त्याच लयीत गाऊ शकत नाही. दोन प्रतींचा वेग किंचित वेगळा असेल, तर ठोके सावकाश आणि एकसारखे सरकतात. तेवढा फरक काढून टाकला की त्या पुन्हा एकजीव होतात.

काही ठिकाणी एखादाच तुकडा पुरतो. बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’मध्ये मधला गिटारचा वेगवान तुकडा डॅनी सेड्रोन याने वाजवला आहे. ते ध्वनिमुद्रण १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपल या इमारतीतल्या स्टुडिओत डेक्का कंपनीसाठी झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सेड्रोन वारला. गाणे पहिल्या क्रमांकावर चढले ते १९५५ च्या जुलैमध्ये. ते यश त्याला पाहायला मिळाले नाही. हेलीने ते पुढे इतर कंपन्यांसाठीही केले, पण त्यांतला हात सेड्रोनचा नाही. तो तुकडा मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता पहिल्या चार-पाच सुरांतच उलगडा होतो.

खोबण

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, मात्र दोन ठिकाणी सावध राहावे. ‘मोनो ते मूळ, स्टीरिओ (डावी-उजवीकडे पसरलेले) ते नकली’ असा सरसकट नियम करू नये. ॲटलांटिक कंपनीत ध्वनिमुद्रक टॉम डाउड १९५८ पासून आठ ट्रॅकवर, म्हणजे आवाज आठ स्वतंत्र पट्ट्यांवर वेगवेगळे टिपून, काम करीत होते, आणि बडी हॉलीचे ऑक्टोबर १९५८ चे तंतुवाद्यांसहचे सत्र, तेही पिथियन टेंपलमधलेच, स्टीरिओत झाले. अशा गाण्यांचे स्टीरिओ रूप अस्सल असते. फक्त रेडिओवर वाजले ते त्याचे मोनो मिश्रण होते.

दुसरे असे, की कंपनीचे नाव गाण्यागणिक तपासावे. एव्हर्ली बंधूंचे ‘बाय बाय लव्ह’ कॅडन्सवरचे हवे; वॉर्नरवरचे निघाले तर ते १९६० नंतर पुन्हा गायलेले. ‘कॅथीज क्लाउन’ मात्र मुळातच वॉर्नरवर निघाले. आणि पहिले ते गाजलेले असेही नाही: प्लॅटर्सनी ‘ओन्ली यू’ आधी फेडरलसाठी केले होते, पण गाजले ते १९५५ मधले मर्क्युरीवरचे. आपल्याला हवे ते गाजलेले असेल, तर इथे दुसरेच घ्यावे लागेल.

तबकडीप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. स्पेशॅल्टी ५६१ ची एक जुनी तबकडी मला ऐकायला मिळाली आणि दोन कानांची रीत लगेच करून पाहिली. मधोमध एकवटलेली फाईल तिच्याशी शेवटपर्यंत एकजीव राहिली. दुसरी पहिल्या कडव्यातच फाटली. एक शंका उरते. ‘एन्ट दॅट अ शेम’ फॅट्स डॉमिनोचे धरावे की पॅट बूनचे?

जुनेसूर

दोन्ही ठेवावीत. १९५५ मध्ये डॉमिनोचे ध्वनिमुद्रण रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले आणि बूनचे पॉपच्या यादीत. गाणे डॉमिनो आणि डेव्ह बार्थोलोम्यू यांचे आहे, म्हणून एकच निवडायचे झाल्यास मी इंपीरियलवरचे डॉमिनोचे घेईन. परंतु त्या वर्षी लोकांनी काय ऐकले हा आपला निकष असेल, तर बूनला वगळता येणार नाही.